भाऊबीज आणि बी. ए.

गेल्या भाऊबीजेला धुळ्याहून जळगावला बहिणीकडे गेलो. ओवाळणी होते न होते तोच दाजींनी माझ्यापुढे एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवले. कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजचे. वर ठळक अक्षरांत ‘आम्ही जागतिक नागरिक घडवतो.’ भाची बारावीला होती. तिला मात्र तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करायचे होते.

“तुम्हीच समजवा तिला,” दाजी म्हणाले. “तत्त्वज्ञानाने पोट भरते का?”

घर चालवणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे, त्याला हसू नये. पण वाचकहो, वाटेत अमळनेर लागते, त्यामुळे माझ्या डोक्यात ते गाव घोळत होते. तिथल्या प्रताप शेठजींची कापडाची गिरणी. पोटाचा हिशेब त्यांना आपल्याहून बरा कळत असणार! त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. वेदान्त आणि कांट या दोहोंत मुरलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य बंगालहून तिथे प्रमुख म्हणून आले. साने गुरुजी तिथलेच विद्यार्थी. पुढे इंग्रजांनी गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात टाकले, तर ते तिथे तमिळ शिकले आणि कुरळ मराठीत आणले. १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते लिहून घेणारेही गुरुजीच. कोंडलेल्या जागी ज्याला शेजाऱ्याची भाषा ऐकू येते, त्याला मी जागतिक नागरिक म्हणेन.

हे सारे पदवीनेच येते असे नव्हे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्या बहिणाबाईंचे नाव आहे, त्यांना अक्षरओळखही नव्हती.

“हे सगळे ठीक,” दाजी म्हणाले, “पण तुमचा मुलगा इंजिनिअरच झाला ना?”

झाला. इतिहासात रमणाऱ्या पोराला मीच ओढून त्या वाटेला लावले. आज तो जर्मनीत आहे, पगार उत्तम. त्या पाडव्याला फोनवर सहज विचारले, “शेजारी कोण राहते रे?” तर म्हणाला, “माहीत नाही बाबा. सहा वर्षांत कधी काम पडले नाही.”

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. दाजींनी माहितीपत्रकाची घडी घातली. बहीण म्हणाली, “दादा, फराळाचे घे.”

शेवटी तडजोड झाली. बी. ए. जळगावातच, आणि संध्याकाळी संगणकाचा वर्ग. मला दाजींची ही अट मुळीच वावगी वाटत नाही.

परवा फोनवर त्यांची नवी तक्रार. वर्गात धडगावकडची एक मुलगी आहे. भाची तिच्याकडून पावरी शिकते आहे. “आता जेवायला बसली की भाकरीसुद्धा पावरीत मागते हो! तिच्या आईला कळायचे कसे?”