हेमलकशाला मोटार पोचवाल का?

बदलीचा हुकूम आला की घरात पहिली चर्चा होते मुलांच्या शाळेची, दुसरी सामानाच्या बांधाबांधीची आणि तिसरी दारातल्या मोटारीची. डबे-भांडी हरवली तर बायकोची चार बोलणी खाऊन भागते. मोटार मात्र हप्ते फिटायच्या आतच परक्या माणसाच्या हवाली करायची, आणि तीही किल्लीसकट! म्हणूनच वाहतूक कंपनीची चौकशी मुलीच्या स्थळाइतक्याच बारकाईने करावी, असे माझे मत आहे.

गेल्या मे महिन्यात ही चौकशी माझ्याकडे आली. माझी भाची डॉक्टर. पुण्यातली नोकरी सोडून वर्षभर हेमलकशाच्या दवाखान्यात काम करायचे तिने ठरवले. बाबा आमट्यांनी १९७३ साली तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो १९८२ साली. "मामा, गाडीचं तेवढं तुम्ही बघा. अजून अडीच वर्षांचे हप्ते आहेत हं!" असे बजावून ती पुढे निघून गेली.

मी सहा कंपन्यांना एकच प्रश्न विचारला, "हेमलकशाला मोटार पोचवाल का?"

चौघांनी श्वास घेण्याच्या आत उत्तर दिले, "हो साहेब, अगदी दारात!" त्यांतल्या एकाला हेमलकसा नाशिककडे वाटत होते. दुसऱ्याने पाच दिवसांचा वायदा केला आणि सगळे पैसे आजच भरा म्हणाला. पाचव्याने निदान नकाशा पाहून सांगतो म्हटले. सहाव्याने उलट मलाच विचारले, "पावसाच्या आधी की नंतर? आमची मोठी गाडी चंद्रपूरपर्यंतच येईल. पुढचं आम्ही कबूल करत नाही."

मी त्या सहाव्याला काम दिले. भाडे सर्वांत कमी नव्हते, पण कुठे थांबायचे हे त्याला ठाऊक होते. सात-आठ मोटारी पोटात घेऊन जाणारा तो लांबलचक ट्रेलर जंगलातल्या अरुंद वळणांवर वळायचा कसा? चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि मग साठेक किलोमीटर रान, अशी ती वाट. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या भेटतात. पर्लकोटेचा ठेंगणा पूल कितीतरी पावसाळ्यांत बुडाला आणि भामरागडची वाट बंद झाली. हे ज्याच्या गावी नाही, त्याचे 'दारात' म्हणजे कोणाचे दार?

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना हेमलकशाला मोटार धाडायची असेल. पण आपल्या मुक्कामाची अवघड बाजू मुद्दाम विचारावी. गल्ली अरुंद आहे, घाट आहे, ट्रकला दिवसा बंदी आहे. जो अडचण ऐकून दोन प्रश्न विचारतो, त्याच्याशी पुढे बोलावे.

पुढचे बोलणे कागदावर. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल वाहणाऱ्या पेढीला सरकारी नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक मागावा. नामांकित पेढीच्या नावात एखादे अक्षर बदलून धंदा करणारे पुष्कळ असतात, तेव्हा नाव, पत्ता आणि क्रमांक ताडून पाहावे. दूरध्वनीवर बोलणारा पुष्कळदा नुसता दलाल असतो. ट्रक कोणाचा, हे स्पष्ट विचारावे.

गाडी ताब्यात घेताच बिल्टी द्यावी लागते आणि तिची मूळ प्रत पाठवणाऱ्याची असते. बिल्टीवर मोटारीची खरी किंमत लिहावी. येथे एक मेख आहे. जास्त जोखमीचा वाढीव दर आपण कबूल केला नसेल, तर पेढीची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. पंधरा हजार भाडे असेल तर दीड लाख; मग मोटार सहा लाखांची का असेना! शिवाय नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

विम्याच्या नावाने जादा पैसे मागितले, तर आधी घरची पॉलिसी काढून वाचावी. मोटारीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेतानाची हानी बहुधा धरलेली असते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ती नसते. वेगळा विमा घ्यायचाच तर विमा कंपनीचा, आपल्या नावाचा कागद हातात हवा. भाड्याच्या बिलावर 'विमा' असा शब्द असून भागत नाही.

स्कूटर पाठवायची असेल तर रेल्वेचे पार्सलही आहे. चंद्रपूरकडच्यांना बल्लारशा स्टेशन सोयीचे. टाकी रिकामी करावी लागते, आणि जाहीर केलेल्या किमतीवरचा जादा आकार भरला नाही तर भरपाई वजनाच्या हिशेबाने मिळते. स्कूटरची किंमत कोणी किलोवर करते का?

आमची मोटार निघण्यापूर्वी मी चारी बाजूंनी छायाचित्रे घेतली, किलोमीटरचा आकडा टिपला आणि त्या यादीवर ड्रायव्हरची सही घेतली. आठव्या दिवशी चंद्रपुरात गाडी उतरली, ती मागच्या दारावर हातभर ओरखडा घेऊन. भाचीने आधी पोच-पावतीवर ओरखडा लिहिला आणि मग सही केली. कुरकुर झाली, दोन पत्रे गेली, पण छायाचित्रांपुढे बोलायला जागा नव्हती; पेढीने रंगाचा खर्च दिला.

पाऊस लागायच्या आत मोटार हेमलकशाला पोचली. जुलैत भाचीचा निरोप आला की वाट पाण्याने अडली आहे, आठवडाभर गाडी जागची हललेली नाही. "पण मामा, पाणी ओसरलं की गाडी दाराशी आहे, एवढा धीर पुरतो," असे तिने लिहिले होते.

दिवाळीनंतर ज्यांना बिऱ्हाड हलवायचे आहे, त्यांनी सगळ्यांत स्वस्त कोण हे शेवटी विचारावे. आधी विचारावे, "तुम्ही कुठवर येणार नाही?" खरे उत्तर देणारा भेटला, की भाड्याची घासाघीस करायला मन मोकळे होते.