मिलानचा खरा चमत्कार

‘मिराकोलो आ मिलानो’, म्हणजे ‘मिलानमधील चमत्कार’, हा इटालियन बोलपट १९५१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीं कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिकाचा अर्धा वांटेकरी ठरला. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सीका. मूळ कथा चेझारे झावात्तीनी यांच्या १९४३ च्या कादंबरीची. त्यांतील चमत्कार म्हणजे इच्छापूर्ति करणारें कबूतर, असा सामान्य समज आहे. आमचें मत निराळें आहे.

कोबीच्या मळ्यांत सांपडलेल्या तोतो नामक अर्भकास लोलोत्ता ही वृद्धा वाढविते. एकदां दूध उतूं जाऊन जमिनीवर पसरतें. ती रागें भरत नाहीं. त्या ओघळाची नदी कल्पून तिच्या कांठीं खेळण्यांतलीं घरें व झाडें मांडते. तिच्या निधनानंतर तोतो अनाथाश्रमांत वाढतो आणि पुढें शहराबाहेर बेघरांची वस्ती उभारतो. तेथील रस्त्यांस तो पाढ्यांचीं नांवें देतो, कीं मुलांनीं येतांजातां शिकावें. बुटका मनुष्य भेटल्यास स्वतः वांकून चालतो, कीं त्यास लाज वाटूं नये.

पुढें त्या जमिनींत तेल लागतें व मोब्बी हा धनिक वस्ती उठवावयास पोलीस धाडतो. तेव्हां लोलोत्ताचा आत्मा तोतोस तें कबूतर देतो. पोलीस हटतात खरे. परंतु लोक मागतात काय? उंची कोट, आणि शेजाऱ्याहून अधिक पैसा! परस्परांवर अनुरक्त असे एक कृष्णवर्णी पुरुष व गौरवर्णी स्त्री गुपचूप आपापला वर्ण पालटून घेतात, आणि दोघांमधील भिंत होती तशीच राहते.

शेवटीं हे सारे दरिद्री झाडूंवर बसून मिलानच्या भव्य प्रार्थनामंदिरावरून उडून जातात. कित्येकांनीं यास पळवाट म्हटलें. आम्हांस तो आरोप वाटतो: एवढ्या नगरांत त्यांना उभें राहण्यापुरतीही जागा उरली नाहीं! केवळ प्रेमळपणानें डोक्यावरचें छप्पर राखतां येत नाहीं, त्यास न्यायही लागतो, हें सत्य हा चित्रपट लपवीत नाहीं.

तथापि ती वस्ती उभारणारा तोतो घडला कोठें? त्या सांडलेल्या दुधाच्या कांठीं. कबुतरानें वस्तु दिल्या. लोलोत्तानें मनुष्य दिला. पालकहो, दूध आपल्याही घरीं केव्हां तरी उतूं जाईल. विद्यार्थीमित्रहो, वर्गांत एखादा सोबती लाजेनें मान खालीं घालून बसला असेल. चमत्काराची संधि ती हीच, असें आम्ही समजतों.