पुरावा मागणाऱ्यांचे उत्तरदायित्व

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मोलमजुरी करणाऱ्या काही बंगाली भाषक कामगारांना पोलिसांनी बांगलादेशी ठरवून ताब्यात घेतले आणि सीमा सुरक्षा दलाच्या हवाली केले. त्या दलाने त्यांना सीमेपलीकडे ढकलून दिले. हे कामगार पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद व बर्धमान या भागांतले होते. घरच्यांनी कागदपत्रे घेऊन धावाधाव केली, पश्चिम बंगालच्या पोलिसांनी हे आमचेच रहिवासी असल्याचे कळवले, उभय देशांच्या सीमारक्षकांची बैठक झाली आणि ते परत आले. ते भारतीय आहेत हे सिद्ध झाले आणि प्रकरण मिटले असे मानण्यात आले. परंतु भारतीय नागरिकाला देशाबाहेर घालवण्याचा निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या पुराव्याच्या आधारे घेतला, आणि त्या अधिकाऱ्याने आता कोणाला जाब द्यायचा, हा खरा प्रश्न मात्र तसाच राहिला.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात कोणी यावे व कोणी राहावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. आसामी जनतेला आपल्या भाषेच्या व भूमीच्या भवितव्याविषयी वाटणारी चिंताही खोटी नव्हे. १९७९ ते १९८५ या काळातील तेथील आंदोलन केवळ द्वेषातून उभे राहिले, असे म्हणणे त्या जनतेवर अन्याय करणारे ठरेल. १५ ऑगस्ट १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही मर्यादा सर्वांनी मान्य केली. तेव्हा वाद सीमेच्या रक्षणाचा नाही. त्या रक्षणाच्या नावाखाली गृहखात्याच्या हाती जी अमर्याद सत्ता एकवटली आहे, तिच्या उत्तरदायित्वाचा हा वाद आहे.

या सत्तेचे मूळ पारतंत्र्यातल्या एका कायद्यात आहे. १९४६ च्या विदेशी व्यक्तींविषयक कायद्याच्या नवव्या कलमाने असे ठरवले की, एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही असा प्रश्न उपस्थित झाला तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच राहील. खुनाचा आरोप असलेल्या माणसाचा गुन्हा सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. नागरिकत्वाविषयी संशय घेतलेल्या शेतमजुराला मात्र स्वतःचे नागरिकत्व स्वतःच सिद्ध करावे लागते. १९८३ साली आसामपुरता एक वेगळा कायदा करून ही जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर व शासनावर टाकण्यात आली होती. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १९४६ ची व्यवस्था पुन्हा लागू झाली. पुढे २०२५ साली संसदेने जुने चार कायदे रद्द करून परदेशी नागरिकांविषयीचा एक नवा, एकत्रित कायदा संमत केला, तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. पारतंत्र्यातल्या कायद्यांचा निरोप घेत असल्याचा गाजावाजा झाला, पण पुराव्याचे ओझे होते तेथेच ठेवण्यात आले. हे विधेयक सखोल विचारासाठी संसदीय समितीकडे पाठवावे ही विरोधी पक्षांची मागणीही सरकारने मानली नाही. भारत ही धर्मशाळा नव्हे, असे गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. भारत धर्मशाळा नाही हे मान्य. परंतु भारत ही गृहखात्याची खासगी मालमत्ताही नाही.

पुराव्याचे ओझे उलटे टाकले की व्यवहारात काय घडते, हे आसामने दाखवून दिले आहे. तेथे परकीय कोण हे ठरवणारी न्यायाधिकरणे १९६४ च्या एका आदेशान्वये, म्हणजे कार्यकारी सत्तेच्या हुकमाने, स्थापन झालेली आहेत. त्यांचे सदस्य कायम न्यायाधीश नसतात. त्यांना ठराविक मुदतीसाठी कंत्राटावर नेमले जाते आणि मुदतवाढ राज्याच्या गृहखात्याच्या मर्जीवर अवलंबून असते. २०१७ मध्ये १९ सदस्यांना काम समाधानकारक नसल्याचे सांगून घरी पाठवण्यात आले. या सदस्यांच्या मूल्यमापनात, कोणी किती टक्के लोकांना परकीय ठरवले, याचाही हिशेब मांडलेला होता. ज्याची भाकरी निकालाच्या दिशेवर अवलंबून आहे, त्याच्याकडून निःपक्षपाती न्यायाची अपेक्षा कशी करावी? १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत या न्यायाधिकरणांनी ६३,९५९ लोकांना एकतर्फी सुनावणीत परकीय घोषित केले, असे केंद्र सरकारनेच जुलै २०१९ मध्ये लोकसभेत सांगितले. एकतर्फी म्हणजे समोर माणूस नसताना. कामासाठी परराज्यात गेलेला, पुरात घर वाहून गेल्यामुळे दुसऱ्या गावी स्थलांतर केलेला, किंवा नोटिशीतला मजकूरच वाचता न येणारा असा कोणीही माणूस त्यांत असू शकतो.

मे २०१९ मध्ये तर सुमारे तीस वर्षे सैन्यात सेवा करून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याला परकीय ठरवून स्थानबद्ध करण्यात आले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जून महिन्यात त्याला जामीन दिला. ज्याच्याजवळ पलटणीची नोंद, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि वकील करण्याची ऐपत होती, त्याची ही गत. मग ब्रह्मपुत्रेच्या चरांवर राहणाऱ्या निरक्षर विधवेची काय कथा? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका ग्रामस्थाला भारतीय घोषित केले. नावांच्या स्पेलिंगातील आणि तारखांतील किरकोळ फरकांवरून कोणाला परकीय ठरवता येणार नाही, तसेच हाती काहीही आधार नसताना केवळ संशयावरून कोणाचेही दार ठोठावून पुरावा मागता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. निकाल उत्तम होता. दुर्दैव असे की, न्यायाधिकरणाने त्या माणसाला परकीय ठरवल्याला तोवर बारा वर्षे झाली होती आणि हा निकाल ऐकायला तो हयात नव्हता.

नागरिक नोंदवहीची कथाही याहून निराळी नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची अंतिम यादी प्रसिद्ध झाली. सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण तीतून वगळले गेले. आदल्या वर्षीच्या मसुद्यात वगळलेल्यांचा आकडा ४० लाखांवर होता. एका वर्षात निम्म्याहून अधिक माणसे पुन्हा नागरिक ठरली, यावरून मूळ मसुदा किती विश्वासार्ह होता याची कल्पना यावी. या कामाचा खर्च २८८ कोटींवरून १,६०२ कोटींवर गेल्याचे महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये नमूद केले. एवढे द्रव्य खर्चून आणि कोट्यवधी गरिबांना कार्यालयांच्या रांगांत उभे करून झाल्यावर ती यादी ज्यांनी करवून घेतली त्यांनाच नकोशी झाली. वगळलेल्यांना अपिलासाठी लागणारे नकाराचे लेखी आदेश पाच वर्षे उलटली तरी देण्यात आले नव्हते. या माणसांना ना दोषी ठरवले, ना निर्दोष; त्यांना केवळ टांगून ठेवले.

संसदेपुढे उत्तर देण्याची आपली रीतही येथे पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गृह राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की, आसामच्या सहा स्थानबद्धता केंद्रांत ९८८ लोक आहेत आणि २०१६ पासून अशा २८ स्थानबद्धांचा मृत्यू झाला आहे. पुढच्याच महिन्यात, २२ डिसेंबर रोजी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधानांनी देशात स्थानबद्धता केंद्रेच नाहीत असे जाहीर केले. दोन विधानांपैकी एक खरे असू शकते. परंतु राज्यसभेतील उत्तर चुकीचे होते असे कोणी म्हटले नाही आणि मैदानावरचे विधान मागेही घेतले गेले नाही. संसदीय लोकशाहीत ही गोष्ट क्षुल्लक मानली जाऊ लागली, तर त्या लोकशाहीचे केवळ कवच उरते.

याच संदर्भात ब्रिटनमधील विंडरश प्रकरण आपल्याकडच्या लोकप्रतिनिधींनी अभ्यासण्याजोगे आहे. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे आलेल्या आणि आयुष्यभर तेथे राबलेल्या माणसांकडे, २०१२ नंतरच्या कठोर धोरणाखाली, अचानक कागदपत्रे मागण्यात आली. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डे गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, औषधोपचार थांबले, काहींना देशाबाहेर पाठवले गेले. वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणल्यावर गृहमंत्री अँबर रड यांना संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. हद्दपारीची उद्दिष्टे ठरवलेलीच नाहीत असे त्यांनी समितीला सांगितले. ते खरे नव्हते असे दिसून येताच २९ एप्रिल २०१८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. भरपाईची योजना आली आणि २०२० मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल तीस शिफारशींसह प्रसिद्ध झाला. ब्रिटन हे काही न्यायाचे नंदनवन नव्हे. भरपाई मिळण्यापूर्वीच कित्येक पीडित निवर्तले, तीन शिफारशी सरकारने २०२३ मध्ये गुंडाळून ठेवल्या आणि पुढे उच्च न्यायालयाने त्यांपैकी दोन सोडून देणे बेकायदा ठरवले. तरीही तेथे समितीपुढील एका खोट्या उत्तराची किंमत मंत्रिपद ही होती. आपल्याकडे ती किती आहे?

हा प्रश्न आसाम-बंगालचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे महाराष्ट्रातील वाचकांनी समजू नये. जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला ही ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या जपून ठेवलेली कागदपत्रे असतात, त्यांना या धोरणाची झळ कधीच लागणार नाही. झळ लागेल ती कोयता घेऊन दर हंगामाला गाव सोडणाऱ्या ऊसतोड कामगाराला, पालावर जन्मलेल्या पारध्याला, वडाराला, माहेरचे नाव मागे टाकून आलेल्या आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. माणूस आधी संशयित आणि मग, जमल्यास, नागरिक, हाच त्या कायद्याचा गाभा होता. तोच गाभा आता नव्या वेष्टनात परत येत आहे.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याने संशयितांची पडताळणी तीस दिवसांत उरकण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. त्या घाईचा परिणाम बीरभूम जिल्ह्यातील दोन कुटुंबांनी भोगला. दिल्लीत राहणाऱ्या या सहा जणांना, त्यांत एक गरोदर स्त्री होती, जून महिन्यात सीमेपलीकडे पाठवण्यात आले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती कारवाई रद्द ठरवून त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर डिसेंबरमध्ये ती स्त्री व तिचा आठ वर्षांचा मुलगा एवढे परत आले, तेही ‘मानवतेच्या भूमिकेतून’. ज्या गोष्टीसाठी क्षमा मागायला हवी होती, ती उपकार म्हणून देण्यात आली. राज्यघटनेचे २१ वे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. जो खरोखरच परकीय आहे त्यालाही सुनावणीचा हक्क आहे. मग आपल्याच माणसांना तो नाकारण्याचा अधिकार कोणाचा?

म्हणून काही किमान मागण्या सर्व लोकशाहीवादी पक्ष-संघटनांनी एकमुखाने केल्या पाहिजेत. संशय घेणाऱ्या यंत्रणेने आपल्या संशयाचा आधार आधी लेखी द्यावा, आणि सुनावणीवाचून कोणालाही सीमेवर नेऊ नये. न्यायाधिकरणे गृहखात्याच्या ताब्यातून काढून उच्च न्यायालयांच्या देखरेखीखाली आणावीत आणि प्रत्येक संशयिताला शासनाच्या खर्चाने वकील मिळावा. किती जणांना ताब्यात घेतले, किती चुकीने पकडले, किती परत आणले, याचा हिशेब दर सहा महिन्यांनी संसदेपुढे व विधिमंडळापुढे ठेवावा. चुकीने स्थानबद्ध झालेल्यांना भरपाई मिळावी. बिहारमध्ये निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच भरपाई देवविली होती, आणि अन्यायकारक खटल्यांबाबत भरपाईचा कायदा करावा असे विधी आयोगानेही २०१८ मध्ये सुचवले होते. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. कायद्याच्या राज्याची ती केवळ पहिली पायरी आहे.

महाराष्ट्र विधिमंडळातील विरोधी सदस्यांनी निदान सुरुवात आपल्या दारापासून करावी. मुंबई परिसरातून त्या कामगारांना नेण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघाला, एवढा एकच प्रश्न त्यांनी सभागृहात विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहावे. कामगारांनी आपली कागदपत्रे दाखवली. आता सरकारने आपली दाखवावीत.