ओपीडीत न आलेलं मूलही मोजा

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावात अंगणवाडीतल्या एखाद्या मुलाच्या हृदयाला छिद्र असल्याची शंका आली, तर आज त्याच्यासाठी वाट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. पुढे सरकारी योजनांतून शस्त्रक्रियाही होते. हे काम मोठं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण लोकांसमोर येणारे आकडे असतात ते किती मुलं तपासली आणि किती शस्त्रक्रिया झाल्या याचे. शस्त्रक्रियेआधीचे महिने आणि नंतरची कित्येक वर्षं हे मूल ओपीडीच्या भरवशावर असतं. ती देखभाल कशी झाली, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर बरंच काही तिथेच ठरतं. छिद्र मोठं असेल तर बाळ दूध पिताना दमतं, वजन अडतं. उशीर झाला तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब असा वाढतो, की मग छिद्र बुजवणंही धोक्याचं ठरतं. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ची शस्त्रक्रिया झालेलं मूल वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं, पण फुप्फुसाकडची झडप गळत असेल तर हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो. तक्रार नसतानाही ठरल्या वेळी इको केला, तरच ते कळतं. किडलेल्या दातातून हृदयाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून वजन, ऑक्सिजनचं प्रमाण, लसीकरण, दात आणि पुढची तारीख यांची नोंद झाली का, हे मोजता येतं. अमेरिकेतल्या बालहृदयतज्ज्ञांनी ओपीडीसाठी असे निकष तयार केलेही आहेत.

ते जसेच्या तसे उचलले तर मात्र आपली फसगत होईल. केसपेपरवरून मोजणी केली तर आलेलीच मुलं मोजली जातात. समजा, परिसरात दहा मुलं आहेत, सहा ओपीडीत आली आणि सहाही नीट तपासली गेली. रुग्णालयाचा आकडा शंभर टक्के, गावाचा साठ. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला जाणं ज्या आईला जमलं नाही, तिचं मूल पहिल्या आकड्यात कुठेच नाही. म्हणून भागाकाराचा छेद गावातल्या निदान झालेल्या मुलांच्या यादीचा असावा, केसपेपरांचा नव्हे.

न आलेल्या मुलाचा दोष डॉक्टरांच्या माथी का मारायचा, असं कुणी विचारेल. तो मारूच नये. हा आकडा एका ओपीडीचा नसून जिल्ह्याचा आहे. वजन आणि ऑक्सिजन नाचणगावजवळच्या पुलगावातच पाहता येईल, जिल्ह्यातच सेवाग्राम आणि सावंगीत वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मग प्रत्येक तपासणीसाठी नागपूर कशाला? दुसरी शंका अधिक गंभीर आहे: मोजणी लागली, की रजिस्टरं भरली जातील आणि मुलं तशीच राहतील. हे घडतं, म्हणून या आकड्याला ना बक्षीस जोडावं ना शिक्षा, आणि मधूनमधून काही घरी जाऊन नोंदी पडताळाव्यात. राहिला कामाच्या बोजाचा प्रश्न. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो; म्हणजे एका आशाताईच्या वाट्याला अशी मुलं मोजकीच येणार. तारीख चुकलेल्या मुलाच्या घरी आठवडाभरात कुणी गेलं का, एवढं जिल्हा आरोग्य यंत्रणेने दर तिमाहीला जाहीर करावं.