आधी ऋतू, मग व्हिएतनाम

दिवाळीच्या सहलींची पत्रके छापायला जाण्याचे हे दिवस आहेत. या पत्रकांवर थायलंड-सिंगापूरच्या शेजारी व्हिएतनामने आता हक्काची जागा मिळवली आहे. मुंबईहून हानोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमाने जातात, ऑगस्ट २०२३पासून ई-व्हिसा ९० दिवसांचा झाला आहे आणि खर्च युरोपच्या मानाने आटोक्यात राहतो. तिथे जाणाऱ्या भारतीयांची संख्या २०१९मध्ये पावणेदोन लाखांच्या आत होती. २०२४मध्ये ती पाच लाखांच्या घरात गेली. आपल्या व्यवसायाला मिळालेली ही मोठी संधी आहे. म्हणूनच ती आपण कशी वापरतो आहोत, याचा विचार पत्रक छापण्यापूर्वी व्हायला हवा.

बहुतेक पत्रकांतला कार्यक्रम एकसारखा असतो. हो ची मिन्ह सिटी, कू ची भुयारे, मेकाँगची धावती फेरी, विमानाने दा नांग, बा ना हिल्सवरचा सोनेरी पूल, संध्याकाळी होई आन, पुन्हा विमान, हानोई, हा लाँग आणि परत. सात रात्री, आठ दिवस. मे महिन्यात हाच कार्यक्रम, दिवाळीत हाच आणि नाताळातही हाच; बदलतो तो फक्त दर. आमचे म्हणणे असे, की हा कार्यक्रम वर्षातल्या एकाही महिन्यात पूर्णपणे बरोबर नसतो आणि दिवाळीत तर तो धोक्याचा असतो.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मध्ये एका ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम ५० किलोमीटर आहे. हानोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-दिल्ली मार्गापेक्षा सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक लांब. एवढ्या लांबीच्या देशात एकच हवामान असू शकत नाही. उत्तरेत खरा हिवाळा असतो. जानेवारीत हानोईत स्वेटर लागतो आणि सा पाच्या डोंगरात त्याहून जाड कपडे. दक्षिणेत मात्र बारा महिने उकाडा असतो आणि वर्षाचे दोनच भाग पडतात, कोरडा आणि पावसाळी.

मध्य भागाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती मराठी माणसाला नकाशाशिवायही समजते, कारण सह्याद्रीच्या दोन बाजू आपण पाहिलेल्या आहेत. मध्य व्हिएतनामच्या पश्चिमेला त्रुओंग सोन ही डोंगररांग आहे. मे ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचे वारे आपला पाऊस लाओसच्या बाजूला रिता करून येतात. त्या काळात ह्यू, दा नांग, होई आन हा पट्टा सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या आपल्या ‘देशा’सारखा पर्जन्यछायेत, कोरडा आणि तापलेला असतो. सप्टेंबरनंतर वारे फिरतात. ईशान्येकडून समुद्र ओलांडून आलेले वारे याच डोंगररांगेला पूर्वेकडून आदळतात आणि तोच पट्टा कोकण होतो. ह्यूमध्ये एकट्या ऑक्टोबर महिन्यात सरासरी सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वादळांचा मार्गही या सुमारास खाली मध्य किनाऱ्याकडे सरकतो.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी. नेमक्या त्याच आठवड्यांत आपण शेकडो कुटुंबांना थू बोन नदीच्या काठी, होई आनच्या जुन्या गावात नेऊन उभे करतो. ऑक्टोबर २०२०मध्ये मध्य व्हिएतनामात महापूर आले. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस ह्यू आणि होई आन ही दोन्ही शहरे पाण्याखाली गेली. या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर हा अपघात मानता येत नाही. होई आनच्या जुन्या घरांतले लोक पाणी चढू लागले की सामान माडीवर नेतात. त्यांना याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पर्यटकाला ती नसते. त्याला फक्त रद्द झालेली नौकाफेरी, हॉटेलात अडकलेला दिवस आणि पत्रकातले कंदिलांचे छायाचित्र दिसते.

यावर आपल्याकडचे नेहमीचे उत्तर असते, ‘ग्राहकच म्हणतो, गेलोच आहोत तर सगळा देश दाखवा.’ हे खरे आहे. पण हाच ग्राहक आपल्याच देशात आठ दिवसांत काश्मीर ते कन्याकुमारी मागत नाही. तो एका वर्षी राजस्थान घेतो, दुसऱ्या वर्षी केरळ, तिसऱ्या वर्षी हिमाचल. हे त्याला आपल्याच व्यवसायाने शिकवले आहे, आपल्या आधीच्या पिढीतल्या सहल संयोजकांनी. व्हिएतनामबाबत तेच शिकवायची जबाबदारी आता आपली आहे.

दिवसांचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. देशांतर्गत उड्डाण सव्वा तासाचे असले, तरी पहाटेचा नाश्ता, चेक-आउट, दोन तास आधी विमानतळ, बॅगा, कोच आणि दुपारी दोननंतर मिळणारी खोली मिळून अर्धा दिवस सहज जातो. आठ दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस येण्याजाण्यात जातात. दोन अंतर्गत विमाने धरली तर हातात उरतात पाच दिवस, आणि त्यात तीन प्रदेश. ज्येष्ठांच्या गटाला तर हा वेग झेपतच नाही. परतल्यावर त्यांना विमानतळ आठवतात, ठिकाणे एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून आमची सूचना अशी, की व्हिएतनामची तीन वेगळी पॅकेजेस करावीत आणि ती सुट्टीप्रमाणे विकावीत.

दिवाळीसाठी उत्तर व्हिएतनाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथली हवा कोरडी आणि आल्हाददायक होते आणि आभाळ निवळलेले असते. हानोईला दोन-तीन रात्री द्याव्यात. जुना शहरभाग, साहित्य मंदिर, पाण्यावरच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणि वांशिक संग्रहालय यांना घाई करू नये. देशातल्या ५४ मान्यताप्राप्त समाजगटांची ओळख ज्या संग्रहालयात होते, ते सा पाला जाणाऱ्या गटाने आधी पाहिलेच पाहिजे. नंतर निन्ह बिन्ह. हानोईपासून दोन तासांवर चुनखडीच्या डोंगरांतून होडीने फिरायचे हे ठिकाण. तिथल्या त्रांग आनला युनेस्कोने २०१४मध्ये निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारशाचा दर्जा दिला. मग हा लाँगची एक रात्र क्रूझवर आणि सा पाच्या दोन रात्री. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सा पाची भातखाचरे पिवळी झालेली असतात. दिवाळीपर्यंत कापणी होऊन गेलेली असते, हे ग्राहकाला आधीच सांगावे. तरुण गटांना सा पाऐवजी हा जांगचे दगडी पठार देता येईल. तिथले रस्ते घाटाचे आहेत, ड्रायव्हर स्थानिकच हवा.

नाताळ आणि जानेवारीसाठी दक्षिण. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ असतो. हो ची मिन्ह सिटीतून मेकाँगची फेरी एका दिवसात उरकण्याऐवजी कान थोला एक रात्र मुक्काम ठेवावा. काय रांगचा तरंगता बाजार पहाटेचाच असतो आणि रस्ते व पूल झाल्यापासून तो आकसत चालला आहे. शेकडो होड्यांची जुनी छायाचित्रे पत्रकावर छापू नयेत. आज जेवढा बाजार भरतो तेवढाच दाखवावा. शेवटी फू क्वोक बेटावर दोन दिवस विसावा. लहान मुले असलेल्या कुटुंबांना हे पॅकेज उत्तम.

मे महिन्यासाठी मध्य व्हिएतनाम. उन्हाळा कडक असतो, पण समुद्र शांत आणि आभाळ मोकळे असते. सकाळी अकरा ते दुपारी चार बाहेर काही ठेवायचे नाही, एवढा नियम पाळला की सहल सुखाची होते. ह्यू ही १८०२ ते १९४५ या काळातली न्गुयेन घराण्याची राजधानी. ती पत्रकांतून जवळजवळ गायब झाली आहे, हे फार वाईट झाले. ह्यू ते दा नांग हा टप्पा कोचने बोगद्यातून काढण्यापेक्षा रेल्वेने करावा. हाय वान घाटात गाडी समुद्राला बिलगून जाते आणि २०२४पासून या टप्प्यावर खास वारसा-गाडी धावते. धडधाकट गटांसाठी फोंग न्हाच्या गुहा जोडता येतात.

आता मी सनविषयी थोडे विस्ताराने. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत चंपा राज्याची ही विटांची मंदिरे आहेत. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनाने इथे शिवाचे मंदिर उभारले आणि तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम होत राहिले. १९६९च्या अमेरिकी बॉम्बफेकीत इथले सर्वांत भव्य शिखर कोसळले. १९९९मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०१७पासून काही वर्षे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने इथे जतनाचे काम केले आणि त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. हे सगळे एका तासाच्या अंतरावर असताना आपली मराठी पत्रके ते वगळतात आणि तो अर्धा दिवस २०१८मध्ये खुल्या झालेल्या सोनेरी पुलाला देतात. पूल जरूर दाखवावा. पण मी सन वगळून नव्हे.

मी सनला जाण्याआधी दा नांगचे चाम शिल्पसंग्रहालय पाहणे आवश्यक आहे. मंदिरांतली बरीच उत्तम शिल्पे तिथे आहेत. मी सनमधून आलेली सातव्या-आठव्या शतकातली उभ्या गणेशाची मूर्ती तिथेच आहे. गणपतीच्या प्रदेशातून आलेला पर्यटक तिच्यासमोर आपोआप थांबतो. अशा वेळी टूर मॅनेजरच्या तोंडी योग्य शब्द हवेत. ‘इथे पूर्वी आपलेच राज्य होते’ असे सांगणे चुकीचे आहे आणि यजमानांचा अवमान करणारेही. चंपा हे चाम लोकांचे स्वतःचे राज्य होते. त्यांनी शिव स्वीकारला आणि त्याला स्वतःची वास्तुकला, स्वतःची मूर्तिशैली दिली. ते लोक आजही आहेत. फान रांगजवळच्या पो क्लोंग गराई मंदिरात हिंदू परंपरेतले चाम दरवर्षी काते उत्सव साजरा करतात. हे सांगितले की पर्यटकाचा अभिमानही राहतो आणि समजही वाढते.

आखणी करताना काही गोष्टी हमखास सुटतात. हो ची मिन्ह यांचे समाधिस्थळ फक्त सकाळी उघडते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि वर्षातून काही आठवडे देखभालीसाठी पूर्ण बंद राहते. सोमवारी हानोईतली अनेक संग्रहालयेही बंद असतात. म्हणून सोमवार हा निन्ह बिन्हचा किंवा हा लाँगचा दिवस ठेवावा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यादरम्यान केव्हातरी तेत हे चांद्र नववर्ष येते. त्या आठवड्यात दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात आणि गावाकडे निघालेल्या माणसांनी गाड्या-विमाने भरलेली असतात. गट त्या तारखांना नेऊच नये. होई आनमधली कंदिलांची रात्र त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी असते. आपल्या पंचांगातली शुद्ध चतुर्दशी पाहिली की तारीख साधारण कळते. एखाद्या दिवसाचा फरक स्थानिक एजंटकडून तपासून घ्यावा.

शाकाहाराबाबत फक्त ‘व्हेज’ लिहून भागत नाही. माशापासून केलेला न्युओक माम हा रस तिथल्या स्वयंपाकात सर्रास पडतो. तो नको, असे व्हाउचरवर स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. बौद्ध परंपरेची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. रोज पंजाबी जेवण देण्याऐवजी एक-दोन जेवणे तिथे ठेवली तर पर्यटक खूश होतो. जुलै २०२५पासून तिथल्या प्रांतांची संख्या ६३वरून ३४ झाली आहे. होई आन आणि मी सन आता दा नांग शहराच्या हद्दीत आहेत, हा जांग तुयेन क्वांग प्रांतात गेले आहे. जुने पत्ते असलेली व्हाउचरे बदलून घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरक्षितता. १९ जुलै २०२५ रोजी हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. वादळाचा इशारा असेल तर बंदर प्रशासन बोटी थांबवते. तसे झाले की टूर मॅनेजरने गटाला समजावून सांगायचे असते, दुसरी बोट शोधायची नसते. त्यासाठी क्रूझ रद्द झाल्यास पर्यायी कार्यक्रम कोणता आणि पैसे कसे परत मिळणार, हे पत्रकातच छापलेले असले पाहिजे.

एका सहलीत एकच प्रदेश दाखवल्याने धंदा कमी होईल, ही भीती अनाठायी आहे. उत्तर व्हिएतनाम मनापासून पाहिलेला माणूस मे महिन्यात ह्यूला येईल आणि येताना मित्राचे कुटुंब घेऊन येईल. सगळा देश धावत पाहिलेला माणूस ‘व्हिएतनाम झाले’ म्हणून मोकळा होतो.

तेव्हा सहल संयोजक मित्रांनो, पत्रक छापायला देण्यापूर्वी एवढे करा. प्रत्येक मुक्कामासमोर त्या महिन्याचा सरासरी पाऊस लिहून पाहा. जो आकडा ग्राहकाला दाखवण्याची तुमची तयारी नाही, तो मुक्काम पत्रकातून काढून टाका.