पडदा, फळा आणि विस्मरण

दूरचित्रवाणीवरून शिकलेले अधिक काळ टिकते की वर्गात शिकलेले, हा वाद जुनाच आहे. १९६७ साली गॉडविन चू आणि विल्बर श्राम यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी तपासलेल्या ४२१ तुलनांपैकी ३०८ तुलनांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ६३ ठिकाणी पडदा सरस ठरला, ५० ठिकाणी वर्ग. एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण आपण माध्यमाकडेच पाहत राहिलो.

माध्यम हे केवळ वाहन आहे, परिणाम होतो तो अध्यापनपद्धतीचा, असे रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले. मग टिकते काय? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्चशिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. त्या पडद्याची मर्यादा उघड होती. समोरच्याला 'आता तू सांग' असे त्याला म्हणता येत नव्हते. वर्गातल्या शिक्षकाला ते म्हणता येते. पण साहित्याच्या किती तासांना ते म्हटले जाते? शिक्षक कविता वाचतात, आशय सांगतात, टिपणे देतात. विद्यार्थी उतरवून घेतात. असा वर्ग म्हणजे दूरचित्रवाणी संचाविना चाललेले प्रक्षेपणच होय.

रसास्वाद टक्केवारीत मोजता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु ज्या कवितेची एकही ओळ मनात उरली नाही, तिचा आस्वाद घ्यायचा तरी कशाच्या आधारे? घोकंपट्टीचा धिक्कार करताना आपण स्मरणालाही वर्गाबाहेर काढले. उरले ते मार्गदर्शिकेतले रसग्रहण, आणि तेही परीक्षेपुरते.

म्हणून पडदा की फळा, हा वाद थोडा बाजूला ठेवावा. तासाची शेवटची दहा मिनिटे पुस्तके मिटावीत. आठवेल ती ओळ, प्रतिमा, शंका प्रत्येकाने लिहावी. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारावे. कोऱ्या राहिलेल्या जागा विद्यार्थ्यांइतक्याच आपल्या अध्यापनाविषयीही बोलतील. त्या वाचण्याची आपली तयारी आहे का?