डीजेचा आवाज राहू द्या, आधी ठेका कुणाचा ते सांगा

मिरवणुका जवळ आल्या की आपल्या भूममध्ये एकच वाद. डीजे हवा का नको? रात्री दहाची मर्यादा, डेसिबल, म्हाताऱ्या माणसांची छाती. तो वाद खराच आहे. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. जयंती असो, गणपती असो की वरात, गाणं बदलतं, मग ठेका तोच कसा?

कारण सांगतो. आपल्याकडची बरीच रिमिक्स एफएल स्टुडिओवर बनतात. हे बेल्जियमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, पूर्वीचं नाव फ्रूटीलूप्स. उघडलं की समोर सोळा चौकोनांची ओळ, टेम्पोचा आकडा आधीच भरलेला. चौकोन दाबत जा, पाच मिनिटांत ठेका तयार. सोपं होतं म्हणून खेड्यातली पोरं घरच्या कॉम्प्युटरवर शिकली, याचा मला अभिमानच आहे. पण जे सोपं, त्याचीच सवय लागते.

आता गोंधळातलं संबळ आठवा. ती चाल बऱ्याचदा सहाच्या हिशोबात झुलते. सोळाला सहानं भाग जात नाही. मग ठोका उचलायचा आणि जवळच्या चौकोनात बसवायचा. याला म्हणतात क्वांटाइझ. ठोका सरळ बसला, पण झोका गेला!

हलगीवाला चामडं विस्तवावर शेकतो, नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून लय चढवतो. कॉम्प्युटर कुणाच्या पायाकडं बघत नाही. आणि हलगी पाहिजेच असली, तर नेटवरून एक तुकडा उतरवायचा आणि तोच दहा गाण्यांत चिकटवायचा. वाजवणारा कोण, त्याला काय मिळालं, पत्ता नाही.

कुणी म्हणेल, सॉफ्टवेअरच तसं, आम्ही काय करणार? चूक. ओळ बारा चौकोनांची करता येते. ठोके पुढंमागं सरकवता येतात, स्विंगची सोय पण आहे. डेट्रॉइटचा जे डिला मशीनवरच ठेके बनवायचा, पण ठोके मुद्दाम सरळ चौकटीत बसवायचा नाही. त्याची ती लडखडती लय जगभर गाजली. मशीन तेच, हात वेगळा.

आपण खव्याच्या गावचे लोक. भट्टीवर हात कुणाचा होता, ते चवीवरून ओळखतो. मग ठेका मात्र पाकिटातला कसा चालतो?

मंडळांना एकच विनंती. यंदा रिमिक्सचे पैसे देताना अट घाला. आपल्या भागातल्या हलगी-संबळवाल्यांना तासभर बोलवा, रेकॉर्ड करा, रोख मानधन द्या, गाण्यावर त्यांचं नाव टाका. आणि ठोके सरळ करू नका.

आवाज कमी करायचा का, ते कायदा बघेल. ठेका आपला ठेवायचा का, ते पैसे देणाऱ्यानं ठरवायचं. पैसे आपण देतो, राव.

पटलं तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी एकदा संबळ ऐकून या.